धागा: नुकतंच लायसन्स मिळालेली मुलं, गाडी आणि मोबाइल. घरात नेमके काय नियम ठेवायचे?

रेवती_नाशिक

अठरा पूर्ण झाले की पक्कं लायसन्स मिळतं, कॉलेज-क्लाससाठी ॲक्टिव्हा येते आणि त्याच खिशात मोबाइल असतो. "गाडी चालवताना फोन घेऊ नकोस" एवढं सांगून भागत नाही, हे सगळ्याच पालकांना कळतं. मुलं "हो" म्हणतात आणि सिग्नलला फोन बाहेर येतोच. इथे ड्रायव्हिंग शिकवणारे, मोबाइलमधलं कळणारे, कायदा माहीत असणारे बरेच जण आहेत. उपदेश नको, करता येईल असं सांगा. फोन कुठे ठेवायचा? कोणती सेटिंग्ज? ब्लूटूथ हेल्मेट चालेल का? मागे मैत्रीण बसवू द्यायची का, आणि कधीपासून?

चौथा_गिअर

ताई, आधी मुलांना फोनमुळे गाडीचं काय होतं ते समजावा. धाक घालून जे होत नाही ते यानं होतं.

ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस या गाड्यांचे दोन्ही ब्रेक हँडलवर असतात. उजवा फक्त पुढच्या चाकाचा. डावा हा कॉम्बी ब्रेक, म्हणजे मागच्या चाकाबरोबर पुढचंही थोडं धरतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. आता फोन बहुतेक वेळा डाव्या हातात येतो, कारण उजव्यात ॲक्सिलरेटर. म्हणजे सगळ्यात भरवशाचा ब्रेक गेला. हॉर्न आणि इंडिकेटर त्याच डाव्या अंगठ्यावर, तेही गेले.

पुढे रिक्षा अचानक थांबली की काय होतं पाहा. ज्या हातानं ॲक्सिलरेटर पिळलाय त्याच हातानं पुढचा ब्रेक धरायचा. घाईत ॲक्सिलरेटर पुरता सुटत नाही आणि लिव्हर मात्र करकचून दाबली जाते. तोल एका हातावर असल्यामुळे हँडल किंचित वळलेलं असतं. खाली वाळू, खडी किंवा पहिल्या पावसाचा तेलकट चिखल असला की पुढचं चाक घसरतं. मागचं घसरलं तर गाडी कधी कधी सावरते, पुढचं घसरलं की नवशिक्याला सावरत नाही.

अंतराचा हिशेबही कागदावर करून दाखवा. ४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. कोणाचा मेसेज आलाय एवढं बघायला दोन सेकंद धरा, झाले २२ मीटर. जवळपास दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या लांब, तेवढा रस्ता न बघता. त्यानंतर समोरचं दिसून हात ब्रेकवर जायला एक-दीड सेकंद, म्हणजे आणखी ११ ते १६ मीटर. गाडी थांबायला लागणारं अंतर यापुढे सुरू होतं.

नियमावली

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यात गैरसमज फार आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात धरून फोन वापरणं "धोकादायक वाहन चालवणं" या व्याख्येत आलं. पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत एकच सूट आहे. फोन फक्त रस्ता दाखवण्यासाठी, तोही चालवणाऱ्याचं लक्ष न हलवता वापरता येतो. म्हणजे होल्डरमध्ये लावलेला मॅप चालतो. त्याच होल्डरमधल्या फोनवर व्हॉट्सॲप वाचणं त्या सवलतीत बसत नाही.

आता अठराच्या आतल्यांचं. १६ ते १८ वयात फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते, तीही लायसन्स काढून. ॲक्टिव्हा ११० सीसीची आहे, तेव्हा "सोळाचं लायसन्स आहे की" हे उत्तर तिला लागू नाही. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

ज्या विजेच्या स्कूटरला लायसन्स आणि नंबर प्लेट लागत नाही (२५० वॉटच्या आतली मोटर आणि वेग ताशी २५ पर्यंत), ती आठवी-नववीतली मुलंही चालवतात. कायद्याची सूट असली तरी फोनची सवय त्याच गाडीवर लागते. घरचा नियम तिथूनच सुरू करा.

सेटिंग्जवाला

मोबाइलचं मी सांगतो. जरा लांबेल, पण घरबसल्या अर्ध्या तासात होणारं हेच काम आहे.

आयफोन: सेटिंग्जमध्ये फोकस, तिथे अधिकचं चिन्ह दाबून "ड्रायव्हिंग" जोडा. ते कधी सुरू व्हावं हे तिथेच निवडता येतं: हालचालीवरून आपोआप, गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर, किंवा हातानं. आपोआप ठेवलं तर बसमध्ये किंवा रिक्षात बसल्यावरही ते सुरू होतं. मग "मी गाडी चालवत नाही" हे बटण दाबायची सवय लागते आणि एकदा ती सवय लागली की स्कूटरवरही तेच दाबलं जातं. म्हणून दुचाकीवाल्यांनी हातानं चालू करण्याचा पर्याय ठेवावा आणि किल्ली लावायच्या आधी ते करावं. कारला मात्र ब्लूटूथचा पर्याय उत्तम. स्क्रीन टाइमच्या निर्बंधांमध्ये ड्रायव्हिंग फोकसच्या बदलांना पासकोड घालता येतो. हे मुलांना सांगून करा, चोरून नको.

अँड्रॉइड: सॅमसंगमध्ये "मोड्स अँड रुटीन्स"मध्ये ड्रायव्हिंग मोड आहे, पिक्सेलमध्येही आहे. बाकीच्या फोनमध्ये नावं आणि जागा बदलतात. सापडलं नाही तर साधं "डू नॉट डिस्टर्ब" पुरतं.

आता खरी गोम. "डू नॉट डिस्टर्ब"मध्ये "रिपीट कॉलर्स" नावाची सूट असते. अँड्रॉइडवर त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो, आयफोनवर ३ मिनिटांत. मूल फोन उचलत नाही म्हणून आई लागोपाठ दोनदा लावते आणि दुसरा कॉल बरोबर भर चौकात वाजतो. ही सूट बंद करा. "फेव्हरिट्स"ना दिलेली परवानगीही बघा, त्या यादीत बहुधा घरचेच असतात.

आपोआप जाणारं उत्तर ("गाडी चालवतोय, पोचल्यावर बोलतो") साध्या मेसेजमधून जातं. व्हॉट्सॲपवर विचारणाऱ्याला ते मिळत नाही. तेव्हा मित्रांच्या ग्रुपवर निघताना "गाडीवर आहे" एवढं टाकून फोन ठेवायचा.

आणि घड्याळ! फोन डिकीत टाकला तरी डाव्या मनगटावरचं स्मार्टवॉच कॉल आणि मेसेज दोन्ही दाखवतं. मनगट वळवून बघताना हात हँडलवरून सुटतो. आयफोनचं फोकस ॲपल वॉचवर जातं, पण स्वस्त घड्याळांचं वेगळं ॲप असतं. त्या ॲपमध्ये कॉल-मेसेजच्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात. ब्लूटूथवाल्या स्कूटरच्या मीटरवर येणारं कॉलरचं नावही गाडीच्या ॲपमधून बंद करता येतं का ते पाहून घ्या.

मंजिरी_क

डिकीत ठेवला तर तापून बंद पडेल ना? मे महिन्यात तर हमखास.

चौथा_गिअर

तापतो, कारण बहुतेक स्कूटरमध्ये डिकीच्या खालीच इंजिन असतं. जाड कापडी पाऊचमध्ये घालून, तळाला न टेकता रेनकोटच्या घडीवर ठेवा. शहरातल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीला तेवढं पुरतं. चार्जिंगला लावून डिकीत ठेवू नका. लांब जायचं असेल तर पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन बंद करून. जीन्सच्या पुढच्या खिशात नको. मांडीला थरथर जाणवली की "कोणाचा असेल" हे मनात सुरू होतं. शिवाय पडल्यावर खिशातला फोन मांडीत रुततो.

डिकीची आणखी एक बाजू सांगतो. फोन काढायचा तर थांबावं लागतं, सीट उघडावी लागते. सिग्नलच्या ४० सेकंदांत ते होत नाही. एवढ्याचसाठी मी होल्डरपेक्षा डिकी बरी म्हणतो.

वाटाड्या७

होल्डरची बाजू घेतो. अनोळखी भागात क्लास शोधताना मॅप लागतोच आणि होल्डर नसेल तर मुलं फोन हातात धरतात. लावायचाच तर हँडलच्या मध्यावर, मीटरच्या वर, म्हणजे मान खाली जात नाही. पट्ट्यानं किंवा चारही कोपऱ्यांनी पकडणारा घ्या. नुसत्या स्प्रिंगचा स्पीडब्रेकरवर फोन उडवतो. थरथर शोषणारा रबरी भाग असलेला घ्या. दुचाकीच्या कंपनांमुळे कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये दिला होता. मॅप सुरू केल्यावर बाकीच्या सूचना बंदच हव्यात, नाहीतर मॅपच्या वर मेसेजची पट्टी येते आणि नजर तिकडे जाते.

शहरातल्या शहरात त्याहून चांगला उपाय म्हणजे निघण्यापूर्वी मॅपवर फक्त तीन वळणं खुणांसह पाठ करायची: "पेट्रोल पंपाला डावीकडे, शाळेच्या कमानीला उजवीकडे, मग दुसरी गल्ली." तीनहून जास्त असतील तर तिसऱ्यानंतर बाजूला घेऊन पुढची तीन.

अनुप_एनजे

इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळाच्या पालकांमध्येही हाच विषय असतो, म्हणून इथली पद्धत सांगतो. लायसन्स एकदम पूर्ण मिळत नाही. आधी परमिट, मग सतराव्या वर्षी प्रोबेशनरी लायसन्स. त्या टप्प्यात फोन हातात धरणं तर नाहीच, हँड्सफ्रीसुद्धा बंद. आई-वडील सोबत नसतील तर एकच जास्तीचा प्रवासी. रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी चालवायची नाही. २१ च्या आतल्यांच्या नंबर प्लेटवर लाल स्टिकर, २०१० पासून.

एकाच प्रवाशाचा नियम उगाच नाही. एएए फाउंडेशननं (इथल्या वाहनचालकांच्या संघटनेची रस्ता-सुरक्षेवर संशोधन करणारी संस्था) २०१२ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार १६-१७ वर्षांच्या चालकासोबत गाडीत कोणी मोठं नसेल आणि २१ च्या आतला एक जण बसला, तर चालकाच्या मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी वाढतो. दोन बसले तर दुप्पट, तीन किंवा जास्त असले तर चौपट.

चौथा_गिअर

@अनुप_एनजे, आपल्याकडे असा मधला टप्पाच नाही. शिकाऊ लायसन्सवर दुचाकीच्या मागे शिकवणारा लायसन्सधारकच बसू शकतो, पण ३० दिवसांनी टेस्ट दिली की दुसऱ्या दिवशी मागे कोणीही. तो टप्पा घरीच तयार करावा लागतो. माझ्या मते पहिले तीन महिने मागे कोणी नाही. पुढचे तीन महिने मागे एक, पण हेल्मेट घालूनच, आणि मागच्यानं गाडी चालताना फोन दाखवायचा नाही. "हे बघ ना" म्हणून खांद्यावरून पुढे आलेला फोन हा हातातल्या फोनइतकाच वाईट. रील मागे बसलेला काढत असतो, पण चालवणारा त्यासाठी मागे वळतो, वेग वाढवतो. ट्रिपल सीट अर्थातच कधीच नाही.

हर्षद_बी

ब्लूटूथ हेल्मेटबद्दल कोणी बोललं नाही. दोन्ही हात हँडलवर, नजर रस्त्यावर. मग हरकत काय? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा २०१४ चा अभ्यास (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला) गाडीत कॅमेरे लावून केला होता. त्यात नुसत्या बोलण्यानं धोका वाढल्याचं दिसलं नव्हतं.

डॉ_लक्ष

तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि तो अभ्यास वाचण्यासारखाच आहे. त्यात नवशिक्यांना नंबर लावताना अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका सुमारे ८ पट, फोनकडे हात नेताना ७ पट, मेसेज करताना जवळपास ४ पट दिसला. अनुभवी चालकांना नंबर लावताना अडीच पट. म्हणजे तेच काम, तोच रस्ता, पण नव्या चालकाला किंमत कितीतरी जास्त. कारण अनुभवी माणसाचं ब्रेक, आरसा, अंतर हे न विचार करता चालतं. नवशिक्याला त्या प्रत्येकासाठी लक्ष खर्चावं लागतं, उरलेलं लक्ष फार थोडं.

पण "बोलायला हरकत नाही" हा निष्कर्ष आपल्या दुचाकीवर नेऊ नका. एक तर तो अभ्यास कारचा. दुसरं, कॉल येतो तेव्हा बटण शोधावं लागतं, नाव ऐकून घ्यावं की नाही ठरवावं लागतं. तिसरं म्हणजे कॉल संपल्यावरही मन लगेच रस्त्यावर येत नाही. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी एएए फाउंडेशनसाठी २०१५ मध्ये गाडीतल्या आवाजी आज्ञांवर काम केलं. त्यात काही यंत्रणांमध्ये लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागले. ४० च्या वेगानं २७ सेकंद म्हणजे ३०० मीटर. सिग्नलला फोन बघून हिरवा लागल्यावर खिशात टाकणाऱ्यालाही हेच लागू. चौक ओलांडून होतो, पण डोकं अजून मेसेजमध्येच.

अनुभवी माणसानं लांबच्या प्रवासात हेल्मेटमधला इंटरकॉम (बोलायचं यंत्र) वापरणं वेगळं. पहिल्या वर्षात कानात काही नको, एका कानातला इअरबडसुद्धा नको. मागून येणाऱ्या टेम्पोचा आवाज हाच दुचाकीवरचा तिसरा आरसा आहे.

हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणाऱ्यांबद्दलही सांगायला हवं. फोन बसावा म्हणून पट्टा सैल ठेवला जातो आणि पट्टा सैल असलेलं हेल्मेट आपटताना निघून जातं. मान खांद्याकडे तिरकी असल्यामुळे त्या बाजूचा आरसा दिसत नाही. फोन घसरला की हात आपोआप तो झेलायला जातो, आणि वर सांगितलेला "हात नेण्याचा" धोका नेमका तेव्हा घडतो. "पडू दे, भरून देऊ" हे वाक्य मुलांना आधीच सांगून ठेवा. महागाचा फोन वाचवायला हात सुटतो, म्हणून सांगतो.

मंजिरी_क

फोनशिवायही बरंच असतं हो. पुढच्या हुकला अडकवलेली पिशवी वळणावर पायात येते, सुटलेली ओढणी सावरायला हात जातो, हेल्मेटची काच धुकं धरते म्हणून चालत्या गाडीवर वर करतात. निघण्याआधी ओढणी कमरेला गाठ मारून किंवा जॅकेटच्या आत, पिशवी डिकीत, काच पुसलेली. चालू गाडीवर काहीही सावरायचं नाही, हा एकच नियम सगळ्याला पुरतो.

वाटाड्या७

कारचं दोन ओळींत. नव्या गाड्यांत एसीसुद्धा टचस्क्रीनवर असतो आणि बोटाला बटण लागत नाही म्हणून नजर न्यावी लागते. एसी, गाणी, मॅप, आरसे सगळं गाडी हलायच्या आत. फोन ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा मागच्या सीटवर. शेजारी कोणी असेल तर मॅप आणि फोन त्याच्याकडे. एक्सप्रेसवेवर फोनसाठी शोल्डरला (कडेच्या पट्टीवर) थांबू नका, फूड मॉल किंवा पंपावरच. होल्डर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका.

चौथा_गिअर

सरावाचंही सांगतो, नियम नुसते भिंतीवर राहू नयेत म्हणून.

रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर ३० च्या वेगातून दोन्ही ब्रेक एकदम दाबून थांबायचं, हँडल सरळ ठेवून. पहिल्यांदा कोरड्यावर, जमल्यावर ओल्या फरशीपासून लांब पण थोड्या खडबडीत जागी. दहा-बारा वेळा केलं की हाताला कळतं की थांबायला किती जागा लागते. मग स्वतःहूनच अंतर ठेवलं जातं.

दुसरं, बोलत गाडी चालवणं. मोठा माणूस मागे बसतो आणि मूल दिसेल ते मोठ्यानं सांगतं: "डावीकडे रिक्षा, चाक वळलंय, बाहेर येईल. पुढे बसचा दरवाजा उघडा. उजवीकडून कुत्रं." वीस मिनिटं पुरे. जिथे मूल गप्प होतं तिथे त्याचं लक्ष गेलेलं असतं, हे तुम्हालाही कळतं आणि त्यालाही.

तिसरं, फोनसाठी बाजूला घेणं हा शिकवण्याचा वेगळा धडा आहे. आरसा, डावा इंडिकेटर, वेग कमी, रस्त्याची कड पूर्ण सोडून आत, स्टँड, किल्ली बंद, मग फोन. वळणावर, पुलावर, फ्लायओव्हरच्या उतारावर थांबायचं नाही. निघताना उजवा इंडिकेटर आणि मान वळवून मागे बघणं, आरशावर विसंबून नाही.

रेवती_नाशिक

खूप उपयोगी. घरासाठी असं लिहून काढलंय: फोन पाऊचमध्ये डिकीत, घड्याळाच्या सूचना बंद, कानात काही नाही, तीन महिने मागे कोणी नाही, बाजूला घेतल्याशिवाय फोन नाही. मोडलं तर आठवडाभर किल्ली आमच्याकडे. एक अडचण राहिली. आजी-आजोबांना काळजी वाटते, ते "कुठे पोचली" म्हणून फोन लावतातच.

सेटिंग्जवाला

निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन सुरू करायला सांगा, १ तासाचा पर्याय पुरे. आजोबांच्या फोनवर ठिपका हलताना दिसतो, मग विचारायची गरज उरत नाही. इंटरनेट चालू राहिलं पाहिजे, म्हणून एअरप्लेन मोड नको, फक्त "डू नॉट डिस्टर्ब". पोचल्यावर गाडी स्टँडला लावून "पोचले" एवढा मेसेज.

आणि तुमच्या यादीत मोठ्यांची एक ओळ घाला: मूल गाडीवर आहे हे माहीत असताना घरातल्या कोणीही कॉल करायचा नाही, अगदी दूध आणायचं सांगायलाही. खरंच तातडीचं असेल तर एकच मेसेज, "थांबलीस की फोन कर". चुकून कॉल लागला आणि मूल "गाडीवर आहे" म्हणालं, तर पुढे एक शब्द न बोलता आपणच कट करायचा.

रेवती_नाशिक

घातली. बाबांचं कारमधलं बोलणंही त्याच यादीत घातलंय आणि किल्लीचा नियम त्यांनाही लागू.